किई-तानाबे: कुमानोच्या डोंगरवाटेआधी दोन रात्री समुद्रकाठी

जपानला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या बोलण्यात हल्ली कुमानो कोदोचं नाव वारंवार येतं. हजार वर्षांहून जुन्या या तीर्थवाटा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या आणि तेव्हापासून परदेशी चालणाऱ्यांची गर्दी वाढली. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो: ओसाकाहून गाडीने यायचं, स्टेशनसमोर बस पकडायची आणि थेट डोंगर गाठायचा. ज्या शहरात गाडी सोडून बस धरतात, ते तानाबे मात्र बसच्या खिडकीतून पाच मिनिटांत मागे पडतं. मला हे फार खटकतं. डोंगरातली ती वाट टिकली कशी, तिथल्या लोकांचं पोट कशावर चालतं आणि देवराया कोणी वाचवल्या, हे सगळं या बंदरात कळतं. म्हणून माझा आग्रह आहे की वाटेवर पाऊल टाकण्याआधी दोन रात्री तरी इथे काढा. त्या कशा काढायच्या ते पुढे लिहिलंय.

१. आधी नकाशा बघा, मग हॉटेल ठरवा

तानाबे वाकायामा प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे वाकायामा प्रांतात आहे, किई द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर. मे २००५ मध्ये जुनं तानाबे शहर आणि र्‍यूजिन, नाकाहेची, ओतो, होंगू ही चार डोंगरी गावं एकत्र करून आजची नगरपालिका झाली. क्षेत्रफळ सुमारे १,०२६ चौरस किलोमीटर, म्हणजे ओसाका-क्योतोच्या सगळ्या पट्ट्यात सर्वात मोठं शहर. लोकवस्ती मात्र २०२० च्या जनगणनेत जेमतेम ७० हजार. बहुतांश भाग जंगलाचा आणि माणसं समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्टीत.

यातून दोन सापळे तयार होतात. पहिला असा, की बुकिंगच्या साइटवर ‘तानाबे शहर’ असं लिहिलेलं हॉटेल प्रत्यक्षात होंगूला असू शकतं आणि स्टेशनपासून होंगू बसने दोन तासांवर आहे. पत्ता वाचू नका, नकाशावर ठिकाण बघा. दुसरा सापळा नावाचा. क्योतोजवळ क्योतानाबे नावाचं वेगळं शहर आहे, तिथे शिन-तानाबे स्टेशन आहे आणि खुद्द ओसाकात मिनामी-तानाबे आहे. तुम्हाला हवंय ते ‘किई-तानाबे’. तिकीट काढताना ‘किई’ सोडलंत तर भलतीकडेच पोहोचाल.

२. कागदपत्रं आणि पैसे

महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचा व्हिसा अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा असतो. पर्यटनासाठी साधारण हे लागतं:

- पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि त्यांच्या मापाचा फोटो
- बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
- जाण्यायेण्याच्या विमानाचं बुकिंग
- दिवसवार कार्यक्रम, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाच्या पत्त्यासह
- नोकरी असेल तर कार्यालयाचं पत्र

अर्ज भरायच्या दिवशी यादी पुन्हा तपासा, ती बदलत असते. दिवसवार कार्यक्रमात डोंगरातल्या छोट्या मिन्शुकुचं, म्हणजे घरगुती खाणावळ-वजा-मुक्कामाचं, नावही स्पष्ट लिहा. तानाबे शहराच्या पर्यटन संस्थेचं ‘कुमानो ट्रॅव्हल’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे खोली इंग्रजीतून ठरते आणि कार्डाने पैसे भरता येतात. ही संस्था पाच गावं एक झाल्यावर २००६ मध्ये उभी राहिली. एकेकट्या आजीबाईने चालवलेल्या चार खोल्यांच्या घरालाही तिने परदेशी पाहुणा मिळवून दिला, त्यामुळे शक्य असेल तिथे तिच्याकडूनच बुकिंग करा असं मी सांगेन. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खोल्या काही महिने आधीच संपतात.

पैशांचं एक. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. सेव्हन-इलेव्हन आणि जपान पोस्टच्या एटीएममधून आपल्या कार्डावर येन निघतात. डोंगरात एटीएम शोधत बसू नका, रोकड तानाबेतच काढून ठेवा आणि त्यात हजार येनच्या नोटा जास्त असू द्या. त्याचं कारण पुढे येईल.

३. पोहोचायचं कसं

कान्साई विमानतळावर उतरणार असाल तर ओसाका शहरात शिरायची गरजच नाही. विमानतळावरून लोकल गाडीने हिनेनो स्टेशनला या. बऱ्याच कुरोशिओ एक्स्प्रेस तिथे थांबतात. तिथून किई-तानाबे दीड तासाच्या आसपास. शिन-ओसाकाहून बसलात तर सव्वादोन तास धरा. कुरोशिओला आसन आरक्षित करूनच चढा. जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा कान्साई वाइड पास या गाडीला चालतो. पुढे हिमेजी-ओकायामाही करणार असाल तर तो परवडतो.

बसताना उजवी खिडकी मागा. अर्ध्या वाटेनंतर समुद्र त्या बाजूला येतो आणि डोंगरउतारावर संत्र्यांच्या बागा दिसू लागतात.

किई-तानाबे स्टेशनबाहेर हातात लांब शस्त्र घेतलेल्या धिप्पाड बेंकेईचा पुतळा आहे. हा लढवय्या भिक्षू इथलाच, अशी गावाची श्रद्धा. पुतळ्यापेक्षा तुमच्या कामाचं म्हणजे शेजारचं पर्यटन केंद्र. तिथून बसचं छापील वेळापत्रक आणि वाटेचा नकाशा घ्या. फोनवर असला तरी कागद घ्याच, कारण दरीत रेंज जाते.

४. पहिला दिवस पायी, शहरात

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत तोकेई मंदिर लागतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस गेंजी आणि हेइके या दोन घराण्यांत जपानच्या सत्तेसाठी युद्ध पेटलं होतं. कुमानोच्या आरमारावर हुकूम चालवणाऱ्या तान्झोला कोणाची बाजू घ्यावी ते ठरेना. आख्यायिका अशी, की त्याने याच आवारात सात पांढरे आणि सात लाल कोंबडे झुंजवले. पांढरे गेंजींचे, लाल हेइकेंचे. सगळ्या झुंजी पांढऱ्यांनी मारल्या आणि तान्झो गेंजींकडे गेला. ११८५ च्या दान्नोउराच्या समुद्रयुद्धात हेइके संपले, त्यात कुमानोच्या जहाजांचा वाटा होता. २०१६ मध्ये हे मंदिर वारसा यादीत घातलं गेलं.

मंदिर बघून थेट समुद्राकडे जा. जुन्या काळी क्योतोहून येणारे यात्रेकरू किनाऱ्याने तानाबेपर्यंत यायचे, इथल्या खाऱ्या पाण्यात अंग शुद्ध करायचे आणि मग नाकाहेची नावाच्या वाटेने डोंगराकडे वळायचे. निवृत्त सम्राट गो-शिराकावा तीसहून जास्त वेळा कुमानोला गेला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुमानोने बाईमाणूस, आजारी, गरीब असं कोणालाच अडवलं नाही. त्याच प्रीफेक्चरमधल्या कोयासान या मठांच्या डोंगरावर स्त्रियांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बंदी होती.

एदो काळात (१६०३ ते १८६८) इथे आंदो घराण्याचा अंमल होता. त्यांच्या किल्ल्याचा पाण्याकडचा दरवाजा नदीच्या मुखाशी अजून उभा आहे. दोन मिनिटं थांबा, पुढे निघा.

वेळ द्यायचा तो मिनाकाता कुमागुसुच्या घराला. हा माणूस १८६७ मध्ये वाकायामात जन्मला, अमेरिकेत हिंडला, लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं बसला, ‘नेचर’ साप्ताहिकात लेख लिहीत राहिला आणि १९०४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, तानाबेत राहिला. त्याचा ध्यास म्हणजे स्लाइम मोल्ड, ना धड प्राणी ना धड बुरशी असे जीव. घराच्या आवारातल्या पर्सिमनच्या झाडावर त्याला असा एक प्रकार सापडला, की तज्ज्ञांना त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस) करावी लागली आणि तिला त्याचंच नाव दिलं गेलं. घराशेजारच्या संग्रहालयात त्याची टिपणं ठेवली आहेत. बारीक अक्षर, कागदाचा एक कोपरा रिकामा नाही.

१९०६ मध्ये जपानी सरकारने गावोगावची छोटी मंदिरं एकत्र करायचा हुकूम काढला. मंदिर हललं की त्याच्या भोवतीची देवराई तोडून विकायला मोकळी व्हायची. कुमागुसुने याविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहिलं, पत्रांचा मारा केला आणि १९१० मध्ये या प्रकरणात तुरुंगातही गेला. देवराई तुटली की पाखरं जातात, किडी वाढतात, खालच्या समुद्रातली मासळी कमी होते, हे तो त्या काळात सांगत होता. तानाबेच्या उपसागरातलं काशिमा हे छोटं बेट त्याच्याच धडपडीने वाचलं. १९२९ मध्ये सम्राट हिरोहितो तिथे आले, तेव्हा कुमागुसुने त्यांना स्लाइम मोल्डचे ११० नमुने दिले, तेही कॅरमेलच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. कोकणात किंवा सह्याद्रीत देवराईसाठी झटणाऱ्या कोणालाही हे घर आपलं वाटेल.

त्याची समाधी कोझान-जी या टेकडीवरच्या मंदिरात आहे. त्याच आवारात ऐकिदो या जपानी युद्धकलेचे संस्थापक उएशिबा मोरिहेई यांचीही समाधी आहे. ते १८८३ मध्ये याच गावात जन्मले. ऐकिदो शिकणाऱ्यांनी ओगिगाहामा किनाऱ्याजवळचं त्यांचं स्मारक-संग्रहालयही बघावं.

संध्याकाळी तेनजिनझाकीला जा. ओहोटीला इथला सपाट खडक लांबवर उघडा पडतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर राहिला की आभाळ खाली उतरतं. १९७४ मध्ये इथे बंगल्यांची वसाहत होणार होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून जमीन तुकड्या-तुकड्याने विकत घेतली आणि जपानमधल्या अशा चळवळींत तेनजिनझाकीचं नाव आघाडीवर आलं. भरती-ओहोटीची वेळ पर्यटन केंद्रात विचारून निघा. खडक शेवाळाने निसरडा असतो, चप्पल घालून जाऊ नका.

५. दुसरा दिवस उमेच्या मळ्यात

तानाबे कशावर जगतं याचं उत्तर शहरामागच्या टेकड्यांवर आहे. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं आंबट फळ. खारवून वाळवलं की त्याची उमेबोशी होते. जपानचं निम्म्याहून जास्त उमे एकट्या वाकायामात पिकतं आणि त्याचं माहेरघर तानाबे आणि शेजारचं मिनाबे. या टेकड्यांची माती हलकी, दगडगोट्यांची. भात होत नाही. तेव्हा एदो काळात इथल्या राज्यकर्त्यांनी उमे लावणाऱ्यांना करात सूट दिली आणि पीक रुजलं.

मळ्यात उभं राहून वर बघा. टेकडीच्या माथ्यावर ओकच्या जातीच्या उबामे झाडांची दाट राई मुद्दाम राखलेली असते. ती पाऊस धरून ठेवते आणि उतार ढासळू देत नाही. तिचं लाकूड निवडून तोडतात, बुंधा पुन्हा फुटू देतात आणि त्या लाकडापासून बिंचोतान हा पांढरट, कडक कोळसा करतात. दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या तर धातूसारखा टणत्कार येतो. हा कोळसा दूरवर विकणारा व्यापारी तानाबेचाच होता. याच राईत जपानी मधमाश्या राहतात. उमे फेब्रुवारीच्या थंडीत फुलतं, त्या वेळी फारसे कीटक बाहेर पडत नाहीत, पण या माश्या पडतात. नांको-उमे या मुख्य जातीला स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड आणि मधे माशी लागतेच. राई, कोळसा, माशी आणि फळ यांची ही बांधणी चारशे वर्षांची आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

फुलं बघायची तर फेब्रुवारी, काम बघायचं तर जून. जूनमध्ये झाडांखाली जाळ्या अंथरतात. पिकून आपोआप गळलेली फळं उमेबोशीला उत्तम. ती महिनाभर मिठात राहतात आणि पावसाळा सरला की उन्हात ताटांवर मांडून, उलटसुलट करून वाळवतात. मळ्यात न विचारता शिरू नका आणि खाली पडलेलं फळ उचलू नका, तेच त्यांचं पीक असतं.

६. खाणं: शाकाहारींनी हे नीट वाचा

स्टेशनजवळ अजिकोजी नावाची गल्ल्यांची जाळी आहे, त्यात दोनशेहून जास्त छोटी खाणावळी-मद्यालयं दाटली आहेत. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारींनी मात्र सावध असावं, कारण इथले सापळे शाकाहारी दिसतात.

- गोबोमाकी: आत गोबो नावाचं मूळ असतं, पण बाहेरचं वेष्टण माशाच्या कातडीचं.
- नाम्बायाकी: चौकोनी, पनीरसारखी वडी. ती माशाची असते.
- उमेबोशी: ‘कात्सुओ’ लिहिलेल्या डब्यात सुक्या माशाचा कीस असतो. साधी ‘शिराबोशी’ मागा, त्यात फक्त फळ आणि मीठ. भयंकर खारट लागते, अर्धीच भाताबरोबर घ्या.
- सूप, भाजी, नूडल: जवळपास सगळ्यांत दाशी, म्हणजे सुक्या माशाचं पाणी.

‘मांस, मासे आणि दाशीही चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवा. मिन्शुकुला हे बुकिंग करतानाच कळवा. संध्याकाळी दारात उभं राहून सांगितलंत तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही आणि ओशाळतात तेच.

खाण्यासारखंही पुष्कळ आहे. मेहारी-झुशी म्हणजे खारवलेल्या मोहरीवर्गीय पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा. आत काय घातलंय ते विचारून घ्या. हिवाळ्याच्या शेवटी आलात तर हिरोमे मागा. हे इथलं समुद्री पान तपकिरी असतं, साध्या गरम पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत हिरवंगार होतं. पाणी दाशीचं नको, हे आधीच सांगा.

७. वाटेवर जाताना

होंगूकडची बस स्टेशनसमोरून सुटते. डोंगरवाट जिथे सुरू होते ते ताकिजिरी चाळीसेक मिनिटं, वाटेचं मुख्य देवस्थान असलेलं होंगू सुमारे दोन तास. चढताना दाराशी यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी निघते, ती घ्या आणि जपा. चालकाच्या डोक्यावर फलक असतो, त्यावर तुमच्या क्रमांकाखाली भाडं थांब्यागणिक वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमकी रक्कम एकत्र पेटीत टाकायची. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. तिच्याच बाजूला सुट्टे देणारं यंत्र असतं, त्यात हजाराची नोट सरकवा. मोठी नोट पुढे केलीत की सगळी बस खोळंबते. बस थांबलेली असतानाच सुट्टे करून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा वयस्कर सोबत असतील त्यांनी तर नक्कीच, होश्शिनमोन-ओजी ते होंगू हा सुमारे सात किलोमीटरचा उताराचा टप्पा घ्यावा. पूर्ण वाट ताकिजिरीहून होंगूपर्यंत सुमारे ३८ किलोमीटर आहे. दोन दिवस लागतात आणि पहिला चढ दमवतो. वाटेवर दर पाचशे मीटरला क्रमांकाचा खांब असतो. ओजी म्हणजे वाटेवरची छोटी देवस्थानं. तिथल्या लाकडी खोक्यात शिक्का ठेवलेला असतो, तो वहीत उमटवा. जड बॅग मुक्कामावरून मुक्कामाला पोहोचवणारी सेवा मिळते, ती आदल्या दिवसापर्यंत ठरवा आणि पाठीवर फक्त पाणी, रेनकोट, टॉर्च घ्या. जून-जुलैत इथे धो-धो पाऊस असतो, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वादळं येतात.

होंगूला सध्याचं मंदिर टेकडीवर आहे. मूळ मंदिर खाली नदीच्या वाळवंटात होतं. १८८९ च्या महापुरात ते उद्ध्वस्त झालं आणि उरलेल्या इमारती १८९१ मध्ये वर हलवल्या. जुन्या जागी आज ३३.९ मीटर उंचीची तोरी कमान आहे. जवळच्या युनोमिने गावात उकळत्या झऱ्याचं कुंड आहे. दुकानातून जाळीच्या पिशवीत अंडी किंवा रताळी घ्यायची, दोरी खुंटीला बांधायची आणि पिशवी पाण्यात सोडायची. अंडं दहा-बारा मिनिटांत होतं, रताळ्याला धीर धरावा लागतो.

८. जमीन हलली तर

हा भाग भीती घालायला लिहिलेला नाही, पण वगळता येत नाही. समुद्रतळाच्या नानकाई खंदकामुळे या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या भूकंप आणि त्सुनामी बसत आल्या आहेत. डिसेंबर १९४६ ची लाट तानाबेच्या शिंजो भागाने झेलली. वाकायामातच, हिरोगावा गावात, १८५४ मध्ये हामागुचि गोर्‍यो यांनी भाताच्या पेंढ्या पेटवून अंधारात लोकांना उंचावर वाट दाखवली. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन पाळला जातो. तानाबेने २०२४ मध्ये स्वतःची नगरपालिका इमारतही उंचावर नेली.

हॉटेलात शिरताच आपत्तीत सुरक्षित जागी जायच्या वाटांचा नकाशा बघा. रस्त्याच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोठा आणि लांबलेला धक्का बसला तर भोंग्याची वाट बघू नका, सामान सोडा आणि पायी वर चढा.

९. होंगूहून पुढे

तानाबेला परतायचं नसेल तर दोन रस्ते आहेत. बसने शिंगूला उतरा आणि तिथून कुरोशिओने किनाऱ्याकिनाऱ्याने ओसाका गाठा. या वेळी समुद्र डावीकडे असतो.

दुसरा रस्ता कोयासानचा आणि मराठी माणसाने तो शक्यतो घ्यावा. महाराष्ट्र आणि वाकायामा यांनी २०१३ मध्ये सहकार्याचा करार केला. २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला गेला, त्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं. होंगूहून कोयासानला पायी नेणारी कोहेची वाट सुमारे सत्तर किलोमीटरची आहे, मधे हजार मीटरच्या वरच्या खिंडी आहेत आणि हिवाळ्यात बर्फ असतं. डोंगर चालायची चांगली सवय असल्याशिवाय तिच्या नादी लागू नका. बसने जाता येतं, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि हिवाळ्यात ती बंद असते. तानाबेच्या पर्यटन केंद्रातच त्या आठवड्याचं वेळापत्रक विचारा, आसन राखून घ्या आणि त्यानुसार होंगूचा मुक्काम ठरवा.